मुकादम सरांच्या बारा बाटल्या

फुकट काही द्यायला आलेल्या माणसाला मी दारातच उभं करते. पनवेलमध्ये इतकी वर्षं नववी-दहावीचे गणिताचे क्लास चालवल्यावर एवढी सावधगिरी अंगात मुरतेच. फुकट वह्या वाटणारा पुढच्या निवडणुकीला उभा राहणार असतो, फुकट सराव परीक्षा घेणारा तुमची मुलं पळवायला आलेला असतो, आणि फुकट सल्ला देणारे तर आमच्या इमारतीत मजल्यागणिक आहेत. त्यामुळे दोन हजार पाचच्या आसपास एका दुपारी पांढराशुभ्र शर्ट आणि करडी पँट घातलेले, पन्नाशी ओलांडलेले एक गृहस्थ माझ्या क्लासच्या दारात येऊन म्हणाले, “मॅडम, रविवारी सकाळी तुमची खोली रिकामी असते. मला हायस्कूलच्या मुलांना चित्रकला शिकवायची आहे. फुकट,” तेव्हा मी त्यांना आत या म्हटलं नाही.

“फुकट म्हणजे?”

“म्हणजे मुलांकडून काही घ्यायचं नाही.”

“मग तुम्हाला काय मिळणार?”

यावर समाजसेवा, ऋण, नवी पिढी असलं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मी कंबर कसून उभी होते. पण त्यांनी खरोखरच विचार केला. चष्मा काढला, रुमालाने पुसला, परत लावला. “ते अजून माझंही नक्की नाही,” ते म्हणाले. एवढं प्रामाणिक उत्तर मला त्या आठवड्यात कुणी दिलं नव्हतं, म्हणून मी त्यांना आत घेतलं आणि चहा टाकला. चहात दूध घातल्यावर ते पातेल्यात डोकावले आणि मला विचारलं, “झाला का?” समोर दिसत असताना विचारतात कशाला, असं माझ्या मनात आलं, पण मी म्हटलं, “झाला.”

नाव इब्राहिम मुकादम. राहायला रोडपालीला, पण जन्म पनवेलच्या जुन्या बाजारामागच्या मोहल्ल्यातला. आखातात बावीस वर्षं ड्राफ्ट्समन होते. तेलाच्या पाइपांचे नकाशे काळ्या शाईने काढायचे. पुढे ते काम कॉम्प्युटर करायला लागला आणि सर घरी आले. येताना त्यांनी बाद झालेल्या नकाशांचे गठ्ठे आणले होते, कारण असला जाड कागद इथे मिळत नाही. माझी एकच अट होती: एकही तक्रार आली तर खोली परत. “मंजूर,” ते म्हणाले आणि किल्ली खिशात न ठेवता शर्टाच्या आत गळ्यातल्या दोऱ्याला बांधली.

माझी खोली पहिल्या मजल्यावर आणि खाली पिठाची गिरणी. रविवारी सकाळी गिरणीला सगळ्यात जास्त गर्दी. वस्तुचित्रासाठी टेबलावर मांडलेला तांब्या-पेला गिरणी सुरू झाली की थरथरायला लागायचा. पहिल्या रविवारी एका मुलाने तक्रार केली, “सर, तांब्या हलतोय.” सर म्हणाले, “मग हलता काढ.” सरकारी चित्रकलेच्या दोन परीक्षा असतात, आधी एलिमेंटरी आणि मग इंटरमिजिएट. त्यांच्या तयारीला म्हणून चौदा मुलं जमली. ती नकाशांच्या पाठीवर चित्रं काढायची. एका बाजूला वाळवंटातली पाइपलाइन आणि दुसऱ्या बाजूला तांब्या, अशी कितीतरी चित्रं अजून माझ्या माळ्यावर आहेत.

रविवारी मला क्लासमध्ये काही काम नसायचं. तरी मी जायची. पलीकडच्या छोट्या केबिनमध्ये पेपर तपासायचं नाटक करत बसायची आणि कान तिकडे ठेवायची. माणूस फुकट शिकवतो म्हणजे यात काहीतरी असलंच पाहिजे, आणि ते शोधून काढल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

पहिली विचित्र गोष्ट माझ्या लक्षात आली ती हजेरीची. सर नावं घेऊन हजेरी घेत नसत. मूल दारात आलं की विचारायचे, “कोणता रंग आणलास?” प्रत्येकाने आठवड्यात पाहिलेला एक रंग सांगायचा. अट अशी की लाल, हिरवा, निळा, पिवळा यांतलं एकही नाव घ्यायचं नाही. नाव तोंडातून गेलं की परत जिन्यापर्यंत जायचं आणि नव्याने आत यायचं. सुरुवातीला निम्मा वर्ग जिन्यातच असायचा.

कामोठ्याहून येणारा ओंकार पाटकर हा चौकोनी डोक्याचा मुलगा, पुढे माझ्याकडे गणितालाही आला. तो म्हणाला, “युनिफॉर्मवरचा शाईचा डाग, तीनदा धुतल्यावर उरतो तो.” सर खूश झाले. “वाळलेला की ओला असताना? उजेडात बघितलास की बाथरूममध्ये? शर्ट नवा की जुना?” एवढं सगळं विचारून त्यांनी ते एका लांबट वहीत लिहून घेतलं. मग प्रणाली आली. खाडीकाठच्या गावातली कोळ्यांची मुलगी, आठवीत, बोलण्यात तिखट. तिची आई हिराबाई पनवेलच्या बाजारात मासळी विकायची.

“सर, मी निवटीवाला आनलाय.”

“म्हणजे?”

“निवटी वो, चिखलातला मासा. ओहोटीला ती पलते ना, तवा तिच्या मागं चिखल फाटतो. त्या फाटलेल्या चिखलाचा. वरचा नाय, आतला.”

सरांनी पेन उचललं. “आतला किती काळा?” “काला नाय सर. काला दिसतो, पन पानी लागला का चमकतो, बांगड्याच्या पाठीवानी.” ते सगळं वहीत गेलं.

दुसरी गोष्ट. पेन्सिल हातात असली की या माणसाचा हात थांबत नसे. फळ्यावर एका रेघेत तांब्या काढायचे आणि त्याची कड कुठेही चुकायची नाही. पण कुंचल्याला ते कधी शिवले नाहीत. मुलांच्या कागदाला हात लावायचा नाही असा त्यांचा नियमच होता. मूल म्हणायचं, “सर, हे पान जमत नाहीये.” सर विचारायचे, “खरं पान कुठे आहे? त्याच्याशेजारी तुझं धर. काय फरक आहे? मला सांग.” मग ते मूल पाच-सात मिनिटं बोलत राहायचं आणि बोलता बोलताच त्याला आपली चूक सापडायची.

एकदा मला राहवलं नाही. प्रणालीने जास्वंद रंगवली होती आणि पाकळीच्या सावलीत जवळजवळ जांभळं-काळं फासलं होतं. मी केबिनमधून बाहेर आले आणि म्हटलं, “अगं, जास्वंद लाल असते. सावली पडली म्हणून ती जांभळी होते का?” सर म्हणाले, “मॅडम, तिला विचारा. तिने बघितलंय.” मी खाली वाकून खरं फूल पाहिलं. सावलीत ते तंतोतंत जांभळं-काळं होतं. चौदा मुलं माझ्याकडे ज्या दयेने बघत होती, तशी मी गणितात नापास होणाऱ्यांकडे बघते. पुढचे दोन रविवार मी केबिनमधून बाहेर पडले नाही.

बाहेरही त्यांचे काही चाळे होते. बाजारात टोमॅटो घेताना एकेक उचलून दाबायचे, वास घ्यायचे आणि भाजीवाल्याला विचारायचे, “हा आज खायचा की परवा?” मला वाटलं, माणूस भलताच चिकित्सक. हायवेच्या सिग्नलला उभे राहिले की स्वतः कधी पाऊल टाकायचे नाहीत, शेजारचा चालायला लागला की मग चालायचे. मला वाटलं, बावीस वर्षं परदेशात राहून भित्रा झालाय. एवढे धागे माझ्या हातात होते. गणिताची बाई म्हणून मी ते जोडायला हवे होते, पण मला त्यांचा स्वार्थ शोधायचा होता, त्यामुळे बाकी काही दिसलंच नाही.

ती वहीसुद्धा मी पाहिली. चोरूनच पाहिली, सांगून टाकते. वर्ग सुटल्यावर सर दुपारच्या नमाजाआधी हातपाय धुवायला खालच्या मजल्यावर नळापाशी गेले होते आणि वही टेबलावर उघडी होती. प्रत्येक रंगाच्या पुढे आकडे होते. “निवटीचा चिखल, आतला: ४ तीन थेंब, ९ एक, ११ टोकावर.” “शाईचा डाग: ६ एक, १२ चार, पाणी भरपूर.” पानंच्या पानं अशी. मी काही आकडे हाताच्या तळव्यावर उतरवून घेतले आणि घरी येऊन त्यांत क्रम शोधायचा प्रयत्न केला. बेरजा करून पाहिल्या, गुणोत्तरं काढली. काहीच लागेना. माझ्या आयुष्यात मला न सुटलेलं गणित म्हणजे एवढंच.

दोन वर्षं अशी गेली. एलिमेंटरीला सगळी मुलं पास झाली, पण त्या परीक्षेत पालक फारसं लक्ष घालत नाहीत. इंटरमिजिएट जवळ आली तशी कुजबुज सुरू झाली. प्रणालीच्या दृष्टीने तर ही परीक्षा म्हणजे सगळं होतं. तिला पुढे चित्रकलेच्या कॉलेजला जायचं होतं आणि तिथल्या फॉर्मला इंटरमिजिएट हवी होती. हिराबाईंनी तिला दर रविवारी दोन तास सोडलं होतं ते मोठ्या मुश्किलीने. रविवारी मासळीला गिऱ्हाईक तुटून पडतं आणि तेव्हाच पोरीचा हात कमी. “या परिक्षेन नाय जमला तं गप बाजारान बसाचा,” असा त्यांचा ठराव होता. तो त्यांनी माझ्यासमोर, सरांसमोर आणि समोर मांडलेल्या पापलेटांसमोर जाहीर केला होता.

ओंकारचे वडील पाटकर बँकेत होते. सरळ माणूस. त्यांनी पालकांच्या सभेत विचारलं ते अगदी रास्त होतं. “सर, तुम्ही मुलांसाठी एवढं करता, आम्हाला आदरच आहे. पण दोन वर्षांत तुम्ही रंगवलेलं एकही चित्र आम्ही पाहिलं नाही. पेन्सिल ठीक आहे, पण परीक्षेत रंगाचे पेपर आहेत. तुम्ही एकदा आमच्यासमोर रंगवून दाखवाल का? नाहीतर आम्हाला वेळेत दुसरी सोय बघावी लागेल.” बाकीच्या पालकांनी माना डोलावल्या.

सरांनी चष्मा काढून पुसला. “पुढच्या रविवारी,” ते म्हणाले.

त्या आठवड्यात ते रोज दुपारी माझ्या क्लासला यायचे, मुलं यायच्या आधी, आणि केबिनचं दार लावून बसायचे. शुक्रवारी जाताना म्हणाले, “मॅडम, जमेल असं वाटतंय. जास्वंद काढणार आहे, पानांसकट.” त्यांच्या चेहऱ्यावर मी तेवढं हसू कधी पाहिलं नव्हतं.

शनिवारी दुपारी मी सभेची तयारी करायला घेतली. सतरंज्या झटकल्या, फळा पुसला, आणि कपाट उघडलं तर सरांचा बुटांचा खोका समोर. त्यात औषधाच्या काचेच्या बारा बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत पोस्टर कलर भरलेला. बाटल्यांवर मळक्या चिकटपट्ट्या, त्यांवर आकडे, कडा सुटून काळ्या झालेल्या. क्रमही सात, दोन, अकरा, कसाही. उद्या पालक येणार, बँकेतले पाटकर येणार, आणि त्यांच्यासमोर हा असला खोका उघडायचा? मला घाण सहन होत नाही, हा माझा जुना रोग. मी बाटल्या गरम पाण्यात बुडवल्या आणि पट्ट्या नखाने सोलून काढल्या. बाटली काचेची, आतला रंग सरळ दिसतोय, मग नंबर हवा कशाला? असं मी स्वतःशी म्हटल्याचं मला लख्ख आठवतं. पुसून कोरड्या केल्या आणि फिक्यापासून गडदपर्यंत ओळीने खोक्यात लावल्या. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं.

रविवारी खोली भरली होती. चौदा मुलं भिंतीला टेकून आणि पालक बाकांवर. हिराबाई मासळीची पाटी शेजारणीवर सोपवून आल्या होत्या आणि दारातच उभ्या होत्या. गिरणी सुरू होती. सरांनी दहा मिनिटांत पेन्सिलीने जास्वंद काढली, पाच पाकळ्या, मधला तुरा, चार पानं. पाटकर “वा” म्हणाले. मग सरांनी खोका उघडला.

त्यांचा हात डावीकडून तिसऱ्या बाटलीकडे गेला आणि वरच थांबला. त्यांनी एक बाटली उचलली, फिरवून पाहिली, उजेडासमोर धरली, ठेवली. दुसरी उचलली. मी मागे उभी होते आणि मनात म्हणत होते, आता म्हणतील, किती छान लावून ठेवलंय कुणीतरी. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग एक बाटली निवडली, कुंचला बुडवला आणि पहिलं पान रंगवलं.

पान विटकरी तांबडं झालं.

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. पाटकर पुढे झुकून बघायला लागले. सरांनी आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं आणि त्यांना कळलं. मला मात्र अजूनही कळलं नव्हतं. मला वाटलं, काहीतरी कलाकारी असेल.

तेवढ्यात प्रणाली उठली. “सर, थांबा जरा,” म्हणाली आणि खोक्यापाशी येऊन मांडी घालून बसली. भराभर बाटल्या इकडच्या तिकडे करायला लागली. ओंकार कागदाच्या चिठ्ठ्या फाडून तिच्याशेजारी बसला. “सर, ही सात,” प्रणाली म्हणाली, “एसटीच्या पत्र्याची. ही दोन, केलीच्या कोवल्या पानाची. ही चार, निवटीची.” ओंकार आकडे लिहीत गेला. मागून मुलं सांगायला लागली, “अगं, ती अकरा नाही, दहा. अकरा म्हणजे कोकमाचं साल.” मिनिटभरात बारा बाटल्या बारा चिठ्ठ्यांवर उभ्या राहिल्या.

तेव्हा मला सगळं एकदम समजलं. टोमॅटो, सिग्नल, चहा, वहीतले आकडे. मी दोन्ही हात पाठीमागे लपवले.

पालकांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पाटकर तर म्हणाले, “अच्छा, ही शिकवण्याची पद्धत आहे होय? मुलांची परीक्षा घेताय!” वाट मोकळी होती. सरांनी नुसतं हो म्हटलं असतं आणि दोन नंबरमध्ये कुंचला बुडवला असता, की सगळे टाळ्या वाजवून घरी गेले असते. माझी तर मनातल्या मनात प्रार्थना चालली होती की हो म्हणा.

सरांनी कुंचला पाण्यात ठेवला.

“पद्धत नाही साहेब,” ते म्हणाले. “मला लाल आणि हिरवा वेगळा दिसत नाही. जन्मापासून. शाळेत मी तपकिरी पोपट काढला होता. ड्रॉइंगच्या मास्तरांनी तो वर्गभर फिरवला आणि सगळे पोट धरून हसले. मला कळेना हसतात कशाला, माझा पोपट झाडावरच्यासारखाच होता. पुढे अठराव्या वर्षी रेल्वेच्या नोकरीसाठी मेडिकल झालं. त्यांनी ठिपक्यांचं पुस्तक समोर धरलं. सगळ्यांना त्यात आकडा दिसत होता, मला नुसते ठिपके. नोकरी गेली. मग बावीस वर्षं काळी शाई. रंगाला हात लावला नाही. अल्ला कसम, कुणी मला एवढं सांगितलं असतं ना की दिसत नसेल तर विचारून घे, तरी खूप होतं. ते मी या मुलांकडून शिकलो. दोन वर्षं त्यांना विचारतोय आणि त्यांच्या बोलण्यावरून रंग बनवतोय. बाटल्यांवर नंबरही त्यांना विचारूनच टाकलेत, आणि कुठल्या नंबरचे किती थेंब ते वहीत लिहून ठेवतो. तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, पण हिंमत झाली नाही. आज मुलं माझ्यासाठी तुमच्यासमोर गप्प बसली असती. ते मला नको.”

खाली गिरणी चालू होती आणि पाण्याच्या भांड्यातला कुंचला हलत होता. पाटकर शेवटी उठले. “सर, तुमच्याबद्दल आदर आहे,” ते म्हणाले, “पण पोराचं परीक्षेचं वर्ष आहे हो.” ते मनापासून म्हणाले आणि त्यांचं काही चुकलं असंही मला वाटत नाही.

मुलं सामान आवरत होती तेव्हा कुणीतरी म्हणालं, “बाटल्यांचे नंबर झाडूवाल्या मावशींनी काढले असतील.” सर म्हणाले, “असू दे, चकाचक झाल्यात बाटल्या.” मी तिथेच होते. तोंड उघडायला एवढी चांगली संधी होती आणि मी फळा पुसत राहिले. आधीच पुसलेला फळा.

मुलांना कधीपासून माहीत होतं, ते मी प्रणालीला नंतर विचारलं. “कवाच,” ती म्हणाली. “मी एकदा बदामाचा पान आनलेला, आर्धा हिरवा आन आर्धा लाल. सरांनी इचारला, याचा वाललेला भाग कंचा? तवाच समजला आमाला.”

“मग घरी कुणीच कसं सांगितलं नाहीत?”

“कुनी इचारलाच नाय.”

सोमवारी सर आले आणि गळ्यातला दोरा काढून किल्ली टेबलावर ठेवली. “तक्रार आली मॅडम. खोली परत.” मी किल्ली उचलून त्यांच्या हातात कोंबली आणि म्हटलं, “मला कुणाची तक्रार मिळालेली नाही.” त्याच वेळी खरं सांगायला हवं होतं. खोली दिली की पाप फिटेल असं मला वाटलं असावं. ते फिटलं नाही.

पुढच्या रविवारी चौदांपैकी पाच मुलं आली. प्रणाली येईल की नाही याची मला धास्ती होती. ती आली ती आईला घेऊनच. हिराबाईंनी सरांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. “माजी सासू,” त्या म्हणाल्या, “शेवटची धा वर्सा दिसत नवता तिला. हातान मासा धरला का सांगायची, कंचा हाय, कवाचा हाय. तिला कुनी बाजारातून उटवला नाय.” मग पोरीकडे वळून म्हणाल्या, “दोन तास. जास्ती नाय.” आणि जिना उतरून गेल्या.

परीक्षेत प्रणालीला बी ग्रेड मिळाली. सरांनी पेढे वाटले, गिरणीवाल्यालासुद्धा दिले. तिला पुढे कॉलेज मिळालं आणि आता ती एका शाळेत चित्रकला शिकवते. ओंकारने परीक्षा दुसरीकडून दिली. निकालानंतरच्या रविवारी तो न सांगता जिना चढून आला आणि दारात उभा राहून म्हणाला, “सर, बाबांच्या बँकेतल्या जुन्या पंख्यावरची धूळ. पात्याच्या कडेची.” सरांनी काही न विचारता वही उघडली.

क्लास आणखी सहा-सात वर्षं चालला. कधी पाच मुलं, कधी वीस. आता येणाऱ्या प्रत्येक पालकाला सर पहिल्याच दिवशी सगळं सांगून टाकायचे आणि मग ऐकून जे थांबायचे ते थांबायचे. बाटल्यांवर नव्या पट्ट्या आल्या. त्या पट्ट्यांच्या कडेने जुन्या गोंदाचे ओरखडे कायम दिसत राहिले आणि मी दर रविवारी ते बघत राहिले. मी त्या मुलांसारखा कधी रंग आणला नाही. त्यांनीही मला कधी विचारलं नाही.

दोन हजार चौदाच्या सुमारास ते म्हसळ्याला मुलीकडे कायमचे राहायला निघाले. बाटल्या प्रणालीला देऊन टाकल्या होत्या. मी एसटी स्टँडवर गेले, तर ते फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसले होते, तोच पांढरा शर्ट, शेजारी कापडी पिशवी आणि हातात वही. गाडीला वेळ होता. मी उभीच राहिले. बोलायचं ठरवून आले होते आणि गाड्यांच्या पाट्या वाचत होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “इतक्या वर्षांत तुमचा एक रंग नाही माझ्याकडे.”

मी म्हटलं, “आहे एक. जुनी चिकटपट्टी काचेवरून सोलल्यावर खाली गोंद राहतो ना. गरम पाण्यात बुडवला, नखाने खरवडला, तरी जात नाही. त्याचा.”

त्यांनी पेन उघडलं. मला वाटलं नेहमीसारखं विचारतील, ओला की सुका, उजेडात की अंधारात. त्यांनी काहीच विचारलं नाही. सावकाश, एकेक अक्षर काढत, सगळं लिहून घेतलं. पुढे आकड्याची जागा कोरी सोडली.

“हा रंग मला दिसतो मॅडम,” ते म्हणाले. “त्या दिवशीही दिसला होता. तुमच्या नखांत.”

मग त्यांनी वही मिटली, आणि मला बसायला जागा व्हावी म्हणून बाकावरची पिशवी उचलून मांडीवर घेतली.